बेटावर नेलेला टीव्ही

साल एकोणीसशे एक्याऐंशी. मे महिन्यातला तिसरा शनिवार. सकाळचे आठ वाजले होते आणि आमच्या दारात उभे राहून साबळे भाऊसाहेब पोट धरून हसत होते.

"अहो दिनकरराव, तंबू समजले, पातेली समजली, गोधड्या समजल्या. पण टीव्ही? आता कपाट तेवढं राहिलंय, तेही चढवा ट्रेलरवर!"

ओट्यावर उकिडवे बसून हे टीव्हीला गोधडी गुंडाळत होते आणि सुतळीच्या गाठी मारत होते.

"वहिनी, नदीत जाऊन टीव्हीच बघायचा तर घरी बसा की. आम्ही चुलीवरचं मटण खाऊन येतो, तुमच्या वाटणीचंसुद्धा."

"भाऊसाहेब," मी म्हणाले, "आज माझी आई दिसणार आहे त्यात."

ते हसायचे थांबले. मग एकदम पुढे होऊन त्यांनी टीव्हीची एक बाजू धरली. "मग आधी नाही का सांगायचं! धरा हो दिनकरराव, नीट धरा. काच आहे."

आम्ही तेव्हा एका धरणाच्या वसाहतीत राहत होतो. धरणाचं नाव सांगत नाही. त्याच्या पाण्यावर आजही चार तालुके जगतात. चौदा घरं होती. हे वायरमन, साबळे कचेरीत कारकून आणि शेजारचे काळुंखे मामा गेट ऑपरेटर. धरणाचे दरवाजे उघडायचं आणि बंद करायचं काम त्यांचं. दर वर्षी मे महिन्यात सगळी वसाहत नदीतल्या बेटावर एक रात्र मुक्कामाला जायची. धरणाखाली एक किलोमीटरवर नदीच्या दोन धारांमध्ये वाळूचा आणि गोट्यांचा उंचवटा होता, त्यालाच आम्ही बेट म्हणायचो. खात्याचे सर्वेक्षणाचे जुने तंबू मिळायचे. पुरुष चूल मांडायचे, बायका भाकरी थापायच्या, पोरं दिवसभर पाण्यात. उन्हाळ्यात नदीला गुडघाभरच पाणी असायचं, कारण धरणाचं पाणी आवर्तनानं सुटायचं. आवर्तन म्हणजे शेतीसाठी ठरलेल्या दिवशी सोडलेलं पाणी. ते सुटलं की मात्र बेट राहत नसे. तीन पुरुष उंचीचं पाणी चढायचं. त्या वेळचं आवर्तन सोमवारी सकाळी आठला सुटायचं होतं, म्हणून आमचा मुक्काम शनिवारी.

आणि नेमकं शनिवारीच, संध्याकाळी साडेसहाला, आईचा कार्यक्रम लागणार होता.

माझं माहेर पुरंदरच्या कोरडवाहू भागातलं. आईला अक्षरओळख नव्हती, पण जात्यावर बसली की ओवी थांबायची नाही. मुंबईहून टीव्हीची माणसं गावात आली, तिला आणि आणखी तिघींना जात्यावर बसवून चित्रण करून घेऊन गेली. आईनं पोस्टमास्तरांकडून पत्र लिहून घेतलं होतं. ते मला पाठ आहे. 'शालनला आशीर्वाद. साडेसहाला लावणार म्हणतात. आमच्या गावात टीव्ही नाही, त्यामुळे मी काही मला दिसायची नाही. तू बघ आणि मी कशी दिसले ते कळव. तिसऱ्या ओवीत तुझं नाव घातलं आहे.'

तेव्हा कार्यक्रम एकदा लागला की लागला. चुकला की गेला.

वसाहतीच्या क्लबात एकच टीव्ही होता आणि त्याची किल्ली यांच्याकडे असायची. मी मागे राहून क्लबात एकटी बसू शकले असते. पण खरं सांगते, मला एकटीनं बघायचं नव्हतं. सात वर्षं मी या बायकांच्या माहेरच्या कौतुकाच्या गोष्टी ऐकत होते. कुणाचा भाऊ मामलेदार, कुणाच्या वडिलांची बागायत. माझ्या आईला सगळ्यांनी एकदा बघावं, एवढंच मला हवं होतं.

प्रश्न विजेचा होता. आणि वीज फक्त भोंग्याच्या खांबावर होती.

हा भोंगा बेटासमोर डाव्या काठावर, तीस फुटी लोखंडी मनोऱ्यावर बसवलेला होता. पाणी सोडायच्या आधी तो वाजायचा, म्हणजे नदीतली माणसं-गुरं वर यायची. मिनिटभर भोंगा, अर्धा मिनिट गप्प. असं तीन वेळा. मग दहा मिनिटं थांबून दरवाजे उघडायचे. भाकरी भाजता भाजता मी तो इतक्यांदा ऐकला होता की पहिला सूर निघाला की हाताला सवयीनं कळायचं, तिसरा संपेपर्यंत दोन भाकरी होतात.

नऊच्या सुमारास आम्ही मनोऱ्यापाशी पोहोचलो. काळुंखे मामांची पाळी दहाची, त्यामुळे तेही सायकल घेऊन थांबले होते. पन्नाशी ओलांडलेला, काटक, मिशीवाला माणूस. मला त्यांनी कधी वहिनी म्हटलं नाही, पोरी म्हणायचे.

"मामा, इथं करंट कायम नसतो," हे म्हणाले. "तुम्ही वर धरणावरच्या केबिनमध्ये खटका खाली केलात तरच येतो."

"मग खाली करून ठिवतो की."

"मग दिवसभर भोंगा बोंबलेल."

"त्येच्या दोन वायरी सोडव. त्याच वायरी तुझ्या टीव्हीला जोड. हाय काय त्यात?"

हे मनोऱ्याकडे बघत राहिले. भोंग्याच्या गळ्यात झेंडूची सुकलेली माळ होती. काळुंखे मामी दर वर्षी अक्षय तृतीयेला दरवाजांची आणि भोंग्याची पूजा करायच्या, त्या दिवशीची.

"दिनकर, सोमवारच्या आठाशिवाय पाणी हलत न्हाई. माझ्याच हातानं वहीत लिवलंय."

"आणि सहाला थोरात येणार ना पाळीवर? त्याला सांगाल?"

थोरात नवा होता. दुसऱ्या धरणावरून महिन्यापूर्वी बदलून आलेला. नियमानं वागणारा, कुणात न मिसळणारा.

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "सांगितलं तर त्यो वहीत लिवून ठिवील. साहेबाच्या म्होरं वही गेली की तुझी नोकरी गेली. ऱ्हाऊ दे. सहाला येतो, च्या पितो, व्हरांड्यात बसतो. तासाभराचा तर सवाल हाय."

मामी मागे उभ्या होत्या. "आवं, भोंग्याचं तोंड बांधू नगा," त्या म्हणाल्या. "पुजलेली वस्तू हाय ती."

"तोंड कुठं बांधतोय? दोन वायरी सोडतोय," मामा म्हणाले.

हे माझ्याकडे वळले. "शालन, काय करू?"

त्यांनी मला विचारलं, हे मला आजही स्पष्ट आठवतं. मी म्हटलं, "मामा म्हणतायत ना."

हे वर चढले. वायरी सोडून त्यांच्या टोकांना टीव्हीची वायर जोडली, वर टेप गुंडाळली आणि माळ मात्र तशीच ठेवली. अँटेनाही त्याच मनोऱ्यावर बांधली, कारण खाली दरीत चित्र येणं शक्य नव्हतं. मग धारेवरून बांबू रोवून वायर बेटावर आणली. मामा सायकलवर टांग टाकता टाकता माझ्या मुलीला, छबूला, म्हणाले, "संध्याकाळी पाळी सुटली की नदीतनंच येतो चालत. पाटीभर आंबं आणतो रायवळ. जागी ऱ्हा बरं का!"

"मी आठ वर्षांची आहे, मामा. संध्याकाळी कोण झोपतं?"

दिवस चांगला गेला, असंच म्हणायला हवं. पोरं डुंबली, मटण उत्तम झालं, साबळे भाऊसाहेबांनी गाढवाच्या आवाजात गाणी म्हटली. फक्त हे जेवताना तीनदा उठले आणि काठाकडे तोंड करून उभे राहिले. मी विचारलं, "काय बघता?"

"काही नाही. नदी फार गप्प वाटते."

"भोंगा वाजत नाही म्हणून?"

"तो कुठं रोज वाजतो," ते म्हणाले आणि परत पानावर बसले, पण जेवले नाहीत.

सहाला खोक्यावर टीव्ही मांडला. सव्वीस माणसं वाळूत बसली. हे मनोऱ्यावर चढून अँटेना फिरवायला लागले आणि इकडून सगळे ओरडायला लागले.

"आलं?"

"आलं! आलं! गेलं!"

"आता?"

"मुंग्या आल्या नुसत्या!"

"वायरमन आहे का वासुदेव?" साबळे ओरडले. "फिरतोय नुसता!"

शेवटी चित्र स्थिरावलं. हे पाण्यातून परत आले आणि माझ्या शेजारी बसले. छबू माझ्या मांडीवर. मामींनी त्यांच्या शेजारी मामांसाठी घोंगडीवर जागा ठेवली होती. उजेड अजून होता, पण डोंगराची सावली बेटावर उतरली होती.

साडेसहाला निवेदिका काहीतरी बोलली आणि मग आई दिसली.

माझी आई. नऊवारीचा पदर डोक्यावरून घेतलेला, जात्याचा खुंटा धरलेला. एवढ्याशा काचेत तिचा चेहरा केवढा मोठा दिसत होता! मी तिला इतक्या जवळून कधी बघितलंच नव्हतं. हनुवटीवरचं गोंदण दिसत होतं. तिनं पहिली ओवी सुरू केली.

चित्र गेलं.

"अरेरे!" "लाईट!" "हे काय हो दिनकरराव?"

हे उठायच्या बेतात होते तेवढ्यात चित्र परत आलं. दुसरी बाई गात होती, आई जातं ओढत होती. मग आईनं दुसरी ओवी धरली. आवाज थोडा घोगरा झाला होता तिचा, सर्दी असावी.

पुन्हा चित्र गेलं.

मी छबूला घट्ट धरलं. ती म्हणाली, "आई, दुखतंय."

"फ्यूज सैल असेल," हे म्हणाले आणि उठले. "बघून येतो खांबावर."

मी त्यांचा हात धरला. "बसा हो. येईल आत्ता."

ते बसले. चित्र आलं. सगळे हसले. साबळे म्हणाले, "वहिनींनी सांगितलं आणि आलं बघा!" तिघींतली एक म्हातारी गायली, लांबच लांब. चित्र तिसऱ्यांदा गेलं आणि तिसऱ्यांदा आलं, आणि तेव्हा आईनं मान वर केली. समोर बघितलं. कुणीतरी तिला समोर बघायला सांगितलं असणार. आणि गायली:

धरणाच्या काठी घर, पाणी राहतंया कह्यात,
शालन बाई माझी, नांदतीया सुखात.

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. कुणी टाळी वाजवली. मामींनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "नाव घातलं गं तुजं!" मी रडत होते.

चित्र गेलं. आणि या वेळी आलं नाही.

पाच सेकंद, दहा सेकंद. हे घड्याळाकडे बघत होते. मग त्यांनी हलक्या आवाजात, स्वतःशीच म्हटलं, "मिनिटभर... अर्धा मिनिट... तीनदा." त्यांचा चेहरा मी वर्णन करू शकत नाही.

ते धावत सुटले. धारेतून, वायर पायात अडकत, मनोऱ्यावर चढले, टेप दातांनी तोडली, वायरी भोंग्याला पिळल्या. भोंगा गप्प. वरचा खटका बंद झाला होता. तीन इशारे देऊन झाले होते. आता त्या वायरीत काही नव्हतं. ते वरूनच ओरडले, "बाहेर या! सगळं टाका, बाहेर या! पाणी सोडलंय!"

सव्वीस माणसं पाच मिनिटांत काठावर आली. पोरं खांद्यावर, म्हाताऱ्या पाठीवर. कुणी ओरडलं नाही, रडलं नाही. काठावर साबळ्यांनी डोकी मोजली आणि परत मोजली.

मामी म्हणाल्या, "आमचं हे कुठं?"

मामी नदीच्या वरच्या अंगाला बघायला लागल्या. हे त्या दिशेनं काठाकाठानं पळाले, हाका मारत. "मामा! ओ मामा!" वळणाआड त्यांची हाक ऐकू येईनाशी झाली.

आधी ओल्या मातीचा वास आला. मग जमिनीतून यावा तसा आवाज. मग पाणी आलं, पुढे पाचोळा आणि काटक्या घेऊन, फार घाई नसल्यासारखं. तंबू बसले. टीव्ही खोक्यासकट उचलला गेला, एकदा गोल फिरला आणि आडवा झाला.

आणि छबू, तिला बिचारीला काय कळणार, बोट दाखवून म्हणाली, "आई, आंबे!"

पिवळे, लहान लहान रायवळ आंबे. पंधरा-वीस असतील. अंधुक उजेडात पाण्यावर वरखाली होत आमच्या समोरून गेले. मामी आवाज न करता खाली बसल्या.

काळुंखे मामा दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या बंधाऱ्याला सापडले.

चौकशीत सगळं बाहेर आलं. खालच्या गावाच्या नळाच्या विहिरी आटल्या होत्या, म्हणून आवर्तन आजच सोडा असा फोन सव्वासहाला आला. तेव्हा मामा केबिनमधून निघून पंधरा मिनिटं झाली होती. धरणाच्या पायथ्याच्या रानात आंबे गोळा करून ते नदीत उतरले होते. थोरातला खटका खाली दिसला. आधीचा माणूस वर करायला विसरला असेल असं त्याला वाटलं. त्यानं तो वर केला आणि घड्याळ लावून नियमाप्रमाणे तीन इशारे दिले. केबिनमध्ये दरवाजाच्या गळतीचा आवाज इतका की भोंगा तिथं कधीच ऐकू यायचा नाही. तांबडा दिवा लागला की वाजला असं समजायचं. तांबडा दिवा लागला होता. नोंद त्यानं वहीत नीट केली होती.

थोरातवर काही आलं नाही, पण त्यानं स्वतःहून बदली मागितली आणि पुढे नोकरी सोडून गावी शेती केली. साबळे भाऊसाहेब मोठ्या कचेरीत गेले, हेड क्लार्क होऊन निवृत्त झाले. बेटावरचा मुक्काम त्या वर्षानंतर कधी झाला नाही. मामींना खात्यात सफाईचं काम मिळालं. अक्षय तृतीयेची पूजा त्यांनी सोडली नाही. नव्वद साली मी भेटायला गेले तेव्हा माझ्या गालावरून तसाच हात फिरवला आणि बोटं मोडली. छबू आता स्वतः आजी झाली आहे. तिच्या घरी आंबे आणतात, ती खात नाही. का ते तिच्या नातवंडांना माहीत नाही.

यांनी चौकशीत मामांचं नाव घेतलं नाही. 'वायरी मी सोडल्या, खटका मी खाली ठेवायला सांगितला,' एवढंच ते म्हणाले. दोन वर्षं निलंबन. मग दुसऱ्या धरणावर हेल्पर म्हणून घेतलं, वायरमन म्हणून नाही. तिथंच ते निवृत्त झाले. आमच्याकडे पुढे टीव्ही आला, पण ते त्याच्याकडे पाठ करून जेवायचे. दोन हजार चार साली गेले. जायच्या आधी दवाखान्यात मला म्हणाले, "मी तेव्हा दुसऱ्यांदा उठलो होतो गं. तेव्हाच खांबावर गेलो असतो, तर दोन वायरी जोडायला कितीसा वेळ? शेवटचा भोंगा वाजला असता. मामांनी ऐकला असता." मग माझा हात थोपटून म्हणाले, "तू बसा म्हणालीस. तुला काय ठाऊक!"

येईल आत्ता, असं मी म्हणाले होते. येणार हे मला कसं कळलं, ते त्यांनी विचारलं नाही. चौकशीच्या साहेबांनी विचारलं नाही. साबळ्यांनी नुसती थट्टा केली. सात वर्षं भाकरी थापताना मोजलेलं माझ्या हातात होतं. मिनिटभर, अर्धा मिनिट. दुसऱ्यांदा चित्र गेलं आणि मला कळलं. पाणी यायला दहा मिनिटांच्या वर वेळ आहे, आपण सगळे सहज बाहेर निघतो, असा हिशेब मी छबूला धरून केला. तिसरी ओवी यायची होती. नदीतून कुणी चालत येतंय, हे माझ्या मनात आलं नाही. आंबे आणणार हे मामा सकाळी माझ्यासमोरच बोलले होते.

एक्याऐंशीच्याच जूनमध्ये मी माहेरी गेले. आई दारातच उभी होती. पायावर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला, आणि आत जायच्या आधीच विचारलं, "बघितलंस का? मी कशी दिसले गं?"

मी यांना, मामींना, सगळ्यांना तेच सांगत आले होते, की लाईट सारखी जात होती, त्यापलीकडे मला काही कळलंच नाही. आता दुसरं काही सांगता येत नव्हतं.

"नाही दिसलं, आई. लाईट गेली होती."

तिचा चेहरा जरा उतरला. मग तीच मला समजावल्यासारखं म्हणाली, "असू दे. तुझं नाव घातलं होतं बघ तिसऱ्यात."

"हो का?" मी म्हणाले. "काय म्हटलं होतंस?"

आणि तिनं उंबऱ्यात बसून ती ओवी मला पहिल्यापासून म्हणून दाखवली.